पुलावरची पाच मिनिटं

पाच मिनिटांची शिक्षा मी चुन्याने आखलेल्या एका चौकोनात उभी राहून भोगली. चौकोनावर मंडप होता आणि मंडपाला कुठल्याशा लग्नातून आलेली गुलाबी झालर होती. शेजारी ताई उभी होती, माझी मोठी बहीण. तिलाही पाच मिनिटंच. मी चोपन्न वर्षांची, ती एकोणसाठ. दोघींच्या दंडावर काळ्या शाईने स्पर्धेचे क्रमांक लिहिलेले आणि डोक्यावर अजून सायकलची हेल्मेटं. समोर घड्याळ घेऊन बसलेल्या बाईंनी आधी हलू नका म्हणून बजावलं आणि मग, बहुधा शांतता सहन न होऊन, तुम्ही सख्ख्या का, असं विचारलं. ताईने मान हलवली. बाई म्हणाल्या, वाटतच होतं.

आमचा गुन्हा असा. अमरावतीत फेब्रुवारीत ट्रायथलॉन झाली, म्हणजे आधी पोहा, मग सायकल चालवा, मग धावा अशी स्पर्धा. सायकलच्या परतीच्या टप्प्यात, उड्डाणपुलाच्या चढावर ताईने माझ्या पाठीवर हात ठेवला. मागून मोटरसायकलवर येणाऱ्या पंचाने ते पाहिलं, शिट्टी वाजवली आणि दोन बोटं वर करून दोघींना खूण केली. एका स्पर्धकाने दुसऱ्याला पुढे जायला शारीरिक मदत करायची नाही, केली तर दोघांनाही पाच मिनिटं, असा नियम. स्पर्धा अडीच तासांत संपवायची होती. आम्ही दोन तास तेहतीस मिनिटांनी पोचलो. वजाबाकी कुणालाही येते.

त्या वजाबाकीच्या जोरावर पुढे मी आयोजकांशी महिनाभर भांडले. लोकांना वाटलं पदकासाठी. मीही त्यांना तसंच वाटू दिलं. मला रविवार हवे होते.

आमचे वडील पाटबंधारे खात्यात होते आणि आमचं लहानपण पातूरजवळच्या धरणाच्या वसाहतीत गेलं. पाण्याबद्दल वडिलांची मतं ठाम होती. ज्या विहिरीच्या काठावर त्यांच्या वडिलांना उभं राहता येत नव्हतं, त्या विहिरीत त्यांनी आम्हा दोघींना पोहायला शिकवलं. ते भाषण वगैरे देत नसत. कमरेला दोर बांधत आणि खाली सोडत. ताई पहिल्याच दिवशी तरंगली. मी आठवडाभर त्या दोराला धरून रडले.

शाळा साडेतीन किलोमीटरवर होती. जाताना उतार, येताना चढ. आमच्या खात्याने बांधलेली प्रत्येक गोष्ट अशीच सोयीची असे. मी पाचवीत गेले तेव्हा मला छोटी सायकल मिळाली आणि ताई, तेव्हा दहावीत, तिच्या मोठ्या सायकलवरून माझ्या उजव्या बाजूने चाले. चढ आला की तिचा डावा हात माझ्या पाठीवर येई. मी ओरडे की ढकलू नको, मी चालवते. ती म्हणे, “मी कोठी ढकलून राहिली? नुसता हात ठेवला. तूच चालवून राहिली.” घरी गेल्यावर मी आईला सांगे की आज पूर्ण चढ मी न उतरता चढले, आणि आई ताईकडे पाही, आणि ताई पाणी प्यायला आत निघून जाई.

पुढचं बऱ्याच घरांत होतं तसंच झालं. ती परिचारिका होऊन अकोल्याला गेली, तिथेच लग्न झालं, तिथल्याच सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाली. मी अमरावतीला शिकले आणि एका महाविद्यालयाची ग्रंथपाल होऊन राहिले. मध्ये शंभर किलोमीटर. वडील गेल्यावर आई तिच्याकडे होती आणि शेवटची चार वर्षं अंथरुणावर होती. त्या चार वर्षांत मी दर रविवारी अकोल्याला जायची. आईला अंघोळ घालायला दोन माणसं लागत. ताई तिला काखेत धरून बसती करी, मी पाणी ओती. मग ताई तिला कुशीवर वळवी, मी चादर ओढून घेई. ताईने हे काम हजारो लोकांचं केलं होतं. तिच्या हाताला काय लागणार ते मला दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात न सांगता कळायला लागलं. आम्ही त्या वेळी काय बोलायचो ते मला आठवत नाही. फारसं काही नसावं. पण सोमवारी ग्रंथालयात बसल्यावर माझ्या बोटांना साबणाचा वास यायचा आणि मला बरं वाटायचं, हे आठवतं.

आई गेली. तेराव्या-चौदाव्याचं आमच्यात काही नसतं. विहारात वंदना झाली, पुण्यानुमोदन झालं, जेवणं झाली. निघताना ताई म्हणाली, येत जाय. मीही म्हटलं, तू पण येत जाय. त्यानंतर वर्षभरात आम्ही दोन लग्नांत भेटलो. फोन व्हायचे. जयभीम, जेवली का, ऊन किती आहे तुमच्याकडे. अकोल्यात ऊन किती आहे हे जगाला वर्तमानपत्रातून कळतं, त्यासाठी सख्खी बहीण लागत नाही. एकदा मी रविवारी सांगून गेलेही. तिच्या सुनेने पोहे केले, ताई माझ्यासमोर सोफ्यावर पाऊण तास पाहुणी आल्यासारखी बसली, दर पाच मिनिटांनी उठून आत काहीतरी पाहून आली आणि मी निघाले तेव्हा आम्हा दोघींनाही सुटल्यासारखं झालं. बसमध्ये मला जे वाटलं त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. माणूस समोर बसलेलं असतं आणि आपल्याला त्याचीच आठवण येत असते.

अशात महाविद्यालयाच्या फाटकावर त्या स्पर्धेचा फलक लागला. फलकावर पाच मान्यवरांचे फोटो होते, त्यांतल्या कुणीही पाण्यात उतरलेलं नव्हतं, जमिनीवरही ते फार धावले असतील असं वाटत नव्हतं. तळाशी बारीक अक्षरात गट दिले होते. पन्नास वर्षांवरील महिला, असा एक गट होता. मी ताईला फोन केला.

“काहून?” ती म्हणाली.

मी म्हटलं, पोहता तर येतं आपल्याला. सायकलही येते.

“आणि पयता?”

पळायचं म्हणजे फार नाही, पाच किलोमीटर, भरभर चाललं तरी चालतं. सरावाला मात्र दोघी लागतील, मी म्हटलं, तलावात एकटीनं उतरू देत नाहीत. हे मी तिथल्या तिथे रचलं होतं. ती म्हणाली की टोपी घालाव लागते काय वं, मले टोपी नाही आवडत.

सप्टेंबरपासून ती दर रविवारी पहाटेच्या गाडीने बडनेऱ्याला उतरू लागली. पहिल्या खेपेला ती सायकल घेऊन आली आणि ती माझ्याकडेच ठेवली. आम्ही आधी पोहायचो. ताई विहिरीत पोहल्यासारखी पोहे, मान सरळ वर. काठावरून कुणी हाक मारली तर ऐकू यायला हवी अशी. तलावावरच्या प्रशिक्षकाने तिला दोनदा सांगून पाहिलं की काकू, तोंड पाण्यात घाला, वेग वाढतो. तिने त्याला सांगितलं की तोंड पाण्यात घातलेले लोक तिने दवाखान्यात पाहिले आहेत. तो पुन्हा आला नाही.

मग सायकलवर चांदूर बाजारच्या रस्त्याने बाहेर पडायचो. जोडीने. आमच्याकडे एकामागे एक सायकल कुणी चालवत नाही. तशी वरात असते किंवा भांडण झालेलं असतं. दोन्ही बाजूंना संत्र्यांचे बगीचे. ताई बोलायची ती रस्त्याबद्दल. इकडून ये, खड्डा आहे. यंदा फळ बारीक आहे पाय. परत आल्यावर माझ्या अंगणात सायकली उलट्या करून साखळ्या पुसायचो, तेल घालायचो, आणि दुपारी चौकातला गिला वडा खाऊन ती गाडी पकडायची. एका रविवारी साखळीला तेल घालताना, मान वर न करता, ती म्हणाली की आईनं शेवटच्या महिन्यात एकदा मध्यरात्री उठून लहानी आली का असं विचारलं होतं, आणि तिनं सांगितलं होतं की हो, आली, झोपली आहे. “मंग झोपली,” ताई म्हणाली. “थे फडकं दे.” मी फडकं दिलं. हे ती मला सोफ्यावर बसून कधी सांगू शकली नसती, आणि मलाही ऐकता आलं नसतं.

असे बावीस-तेवीस रविवार झाले. मी मोजत नव्हते. मोजायला लागले तेव्हा संपत आले होते.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी साडेसहाला पाण्यात उतरायचं होतं. प्रमुख पाहुणे पावणेआठला आले. तोवर शंभरेक माणसं पोहण्याच्या कपड्यांत थंडीत तलावाच्या काठी उभी. मग सत्कार झाले. शाल, रोपटं, पुन्हा शाल. एका सत्कारमूर्तीने तर आपल्याच मंडळाच्या अध्यक्षाचा सत्कार केला आणि अध्यक्षाने लगेच परतफेड केली. पाहुण्यांनी आरोग्यावर भाषण केलं. लहानपणी आपण याच तलावात दिवसदिवस डुंबायचो, असं ते म्हणाले. ताई टॉवेल गुंडाळून माझ्याशेजारी उभी होती.

“याइले बी पाण्यात घ्या म्हणा,” ती म्हणाली, “भाषण लवकर आटपन.”

पुढच्या रांगेतला एक तरुण हसला आणि थंडीने त्याचे दात वाजले.

पोहणं नीट झालं. ताई मान वर काढून सगळ्यांच्या मधून गेली, मी तिच्या मागे. सायकलवर जाताना वारा पाठीवर होता आणि मी मूर्खासारखी खूश होते. दहा किलोमीटरवरून वळलो तेव्हा कळलं की वारा होता म्हणून आपण होतो. ऊन चढलं होतं. पाहुण्यांनी आणि भाषणांनी खाल्लेला वेळ आता तोंडावर येत होता. उड्डाणपुलाच्या निम्म्या चढावर माझ्या मांड्यांनी काम थांबवलं. मी उतरणार होते. डावा पाय पॅडलवरून काढलाही होता. तेवढ्यात पाठीच्या मधोमध हात आला, पंजा उघडा, बोटं पसरलेली.

मी मागे वळून पाहिलं नाही. पाय परत पॅडलवर ठेवला. पूल संपेपर्यंत तो हात होता, म्हणजे अर्धं मिनिट असेल, आणि मी पाचवीत होते.

मग शिट्टी.

चौकोनातली पाच मिनिटं भरली. धावणं आम्ही चालत-पळत संपवलं. वेळेबाहेर आलेल्यांना पदक नसतं, सहभागाचं प्रमाणपत्र असतं. त्यावर त्याच पाच मान्यवरांचे फोटो होते. ताईने ते दुमडून पिशवीत घातलं. संध्याकाळी बस स्थानकावर मी तिला सायकलीचं विचारलं, कधी नेतेस.

“राहू दे तुह्यापाशी,” ती म्हणाली. “नाही तं विकून टाक. आता काय काम तिचं?”

पुढच्या रविवारी मला पाचला जाग आली. चहा केला. तलावावर गेले आणि फाटकातून परत आले. एकटीला उतरू देत नाहीत हे मी रचलेलं आता मलाच लागू झालं होतं. अंगणात दोन सायकली उभ्या होत्या. दहा वाजता फोन केला. जयभीम. जेवली का. ऊन कसं आहे.

त्या दुपारी मी नियमपुस्तिका काढली. तीस वर्षं ग्रंथालयात काढलेल्या माणसाला कुणीच न वाचलेली पानं वाचायची सवय असते. शेवटून दुसऱ्या पानावर कलम होतं: शिक्षेविरुद्ध लेखी दाद मागता येईल, तक्रार निवारण समिती सुनावणी घेईल आणि संबंधित सर्व स्पर्धकांनी प्रत्यक्ष हजर राहणं बंधनकारक असेल. हे कलम कुठल्या तरी मोठ्या स्पर्धेच्या पुस्तिकेतून उतरवलेलं असणार, लिहिणाऱ्यालाही ते आठवत नसणार. मी ते तीन वेळा वाचलं. सर्व स्पर्धकांनी. प्रत्यक्ष.

ज्या प्रकारच्या लिखाणाला मी जन्मभर हसत आले तसं मी चार पानं लिहिलं. उपरोक्त होतं, सबब होतं, तळटीपा होत्या. मुद्दा एकच: माझ्या पाठीवर हात ठेवण्यात आला, ढकलण्यात आलं नाही, चढ मी माझ्या बळाने चढले. आणि गंमत म्हणजे हे मी खोटं लिहीत नव्हते. मला खरंच तसं वाटत होतं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं मला असंच सांगण्यात आलं होतं.

आयोजकांना बहुतेक आनंद झाला. समिती नेमण्याची संधी रोज येत नाही. सुनावणीचं पत्र आलं त्यावर जावक क्रमांकही होता. मी ताईला फोन करून सांगितलं की रविवारी यावं लागतं, नियमच आहे. तिने विचारलं की नाही आली तं काय होते. मी म्हटलं, आपल्यावर बंदी येऊ शकते. हेही मी तिथल्या तिथे रचलं.

सुनावणी स्पर्धेच्या सचिवांच्या दंतचिकित्सालयात झाली, मागच्या खोलीत. भिंतीवर अक्कलदाढेचं मोठं चित्र, टेबलावर हिरवं कापड, तीन पाण्याच्या बाटल्या. अध्यक्ष एक निवृत्त प्राचार्य होते. सायकलशी त्यांचा संबंध काय हे कुणी सांगितलं नाही, पण अध्यक्षपदाशी त्यांचा संबंध जुना दिसत होता. सचिव स्वतः इतिवृत्त लिहीत होते. पंच पुण्याचा होता, तो फोनच्या पडद्यावर हजर झाला. मी त्याच्याबद्दल महिनाभर मनात बरंच बोलले होते. प्रत्यक्षात तो पंचविशीतला, नम्र आणि नेमका निघाला. त्याने काय पाहिलं ते त्याने दोन वाक्यांत सांगितलं. ताई ताठ बसली होती, पिशवी मांडीवर, दवाखान्यात चौकशी समितीसमोर बसावं तशी.

मी माझी चार पानं वाचली. अध्यक्ष प्रभावित झालेले दिसले, विशेषतः तळटीपांनी. त्यांनी ताईकडे वळून सांगितलं की आपण फक्त एवढंच नमूद करा की आपण हात ठेवला होता, बळ लावलं नव्हतं. तेवढं नोंदवलं की दोघींची शिक्षा मागे घेता येईल, पदकं आमच्याकडे शिल्लक आहेतच. पडद्यावरचा पंचही म्हणाला की काकू, मी मागून पाहत होतो, माझीही चूक होऊ शकते.

“ढकललं,” ताई म्हणाली.

सचिवांचं पेन थांबलं. अध्यक्षांनी घसा साफ केला. “म्हणजे, आधार दिला, असं म्हणायचंय आपल्याला.”

“आधार वेलीले देतात. हिले ढकललं मी. अर्ध्या पुलापासून तं वरपर्यंत. नसतं ढकललं तं हे उतरून पायी चालली असती.” मग पडद्याकडे पाहून, “तुमी बरोबर पाह्यलं, बापू. तुमची काही चूक नाही.”

माझा आवाज चढला असावा, कारण अध्यक्षांनी पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली. मी सभेची भाषा विसरले. मी म्हटलं, ताई, तू नेहमी सांगे का मी ढकलत नाही म्हणून. पातूरले. रोज सांगे.

“सांगे,” ती म्हणाली. “आणि रोज ढकले. तुह्यात कुठी जोर होता वं तेव्हा? खरं सांगतलं असतं तं तू सायकल फेकून देली असती.”

पुण्याचा पंच मान खाली घालून कागद पाहायला लागला, आणि त्याबद्दल मी त्याची कायमची ऋणी आहे. मी तो चढ एकदाही चढले नव्हते. आईला रोज संध्याकाळी सांगितलेली गोष्ट खोटी होती आणि ती खोटी आहे हे त्या घरात माझ्याशिवाय सगळ्यांना ठाऊक होतं. मला राग यायला हवा होता. मी तो शोधत होते, आणि त्याच्याऐवजी मला नुसतं त्या रस्त्यावर परत जावंसं वाटत होतं, उजवीकडून येणाऱ्या तिच्या सायकलच्या आवाजासकट. या वेळी कळून-सवरून.

माझी दाद फेटाळण्यात आली. एकमताने, त्यात मीही होते असं म्हणायला हरकत नाही. इतिवृत्तावर आम्हा सगळ्यांच्या सह्या झाल्या. सचिवांनी चहा मागवला आणि ताईची खालची एक दाढ फुकटात पाहून दिली.

बस स्थानकावर अकोल्याची गाडी लागायला अर्धा तास होता. बाकावर एका बाजूला तिची पिशवी, मध्ये ती, इकडे मी. समोर संत्री विकणारी बाई ढीग रचत होती, वरची चार फळं पुन्हा पुन्हा बदलत होती. ताई तिच्याकडे पाहत म्हणाली की चार पानं लिहिली तू.

मी हो म्हटलं.

“मेडलासाठी?”

मी नाही म्हटलं. आणखी काही सांगावं लागलं नाही. तिने परिचारिका म्हणून छत्तीस वर्षं लोकांची दुखणी काढली होती. कुठे दुखतं हे विचारून मग ती भलतीकडेच दाबून पाहायची आणि तिथेच असायचं.

“मंग फोन करून ये म्हणाचं,” ती म्हणाली. “याले समिती कायले लागते?”

“म्हटलं असतं तर आली असती?”

ताईने यावर विचार केला. बाईने फळं आणखी एकदा बदलली. दुसरं कुणी असतं तर पटकन हो म्हणालं असतं, आणि मी बसला हात करून घरी येऊन वर्षभर वाट पाहिली असती.

“नसती आली,” ती म्हणाली. “येऊन काय करू तुह्या घरी? सोफ्यावर बसू? तू पोहे करशीन, मी छान झाले म्हणीन. मले नाही जमत थे बसणं.” मग ती म्हणाली, “तुलेही नाही जमत. तू आली होती तेव्हा घड्याळ पाहून राहिली होती.”

मी म्हटलं, तूही सारखी आत जात होतीस.

“आत काहीच नव्हतं,” ताई म्हणाली. “उभी राहून येत होती.”

गाडी लागली. खिडकीची जागा मिळाल्यावर ती काच सरकवून म्हणाली की काही काम असलं तं सांग. दोघींचं काम पाहिजे पण. एकीनं होते असं नको. “आणि खोटं नको काढू. बंदी येते म्हणे.”

तेव्हापासून मी दोघींचं काम शोधते आहे. वाटतं तितकं सोपं नाही. माणसांनी सगळ्या गोष्टी एकट्याने करता येतील अशा करून ठेवल्या आहेत. पुस्तकांची कपाटं पुसायची आहेत म्हटलं, तर ती म्हणाली की रोज एक खण पूस, महिन्यात होते. वाळवणाचे सरगुंडे, पापड म्हटलं, तर ते दुकानात मिळतात. पुढच्या वर्षीच्या स्पर्धेचा अर्ज पाठवला. त्यात नियमपुस्तिकेची नवी आवृत्तीही होती आणि तीत स्पर्धकाच्या पाठीस हस्तस्पर्श करू नये असं स्वतंत्र कलम आलं आहे. तिने उत्तर दिलं की गुडघा दुखतो. तिचा गुडघा खरंच दुखतो, मी पाहिला आहे. सायकली दोन्ही अंगणात आहेत. मी दोन्हींना तेल घालते. ते एकीने होतं.

परवा फोनवर जयभीम झाल्यावर, जेवणाचं विचारायच्या आत, मी तिला सांगितलं की अंगणातलं पाण्याचं टाकं आतून घासायचं आहे. शेवाळ धरलंय. एकीला आत उतरावं लागतं आणि एकीला वरून बादली ओढावी लागते, माणूस लावला तर नीट करत नाही.

मग ताईने विचारलं की टाकं किती खोल आहे.

टाकं माझ्या कमरेइतकं आहे. मी पुरुषभर सांगितलं.